कंपायलरचा त्रुटी-संदेश स्पष्ट कसा लिहावा

सोलापुरात यंत्रमागावर चादर विणताना उभा धागा तुटला, तर माग नुसता थांबवून भागत नाही. तुटलेले टोक हाती लागले तरच गाठ मारता येते. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, चूक सापडली की जो त्रुटी-संदेश देते, त्याच्याकडूनही प्रोग्रामरची हीच अपेक्षा असते.

आधी जागा ठरवावी. सी भाषेत अर्धविराम राहून गेला की पार्सरला, म्हणजे कंपायलरच्या वाक्यरचना तपासणाऱ्या भागाला, ते पुढच्या ओळीतील शब्दावर पोहोचल्यावर कळते, म्हणून कित्येक कंपायलर त्या निर्दोष ओळीकडेच बोट दाखवत. खूण आधीच्या ओळीच्या शेवटी, म्हणजे जिथे अर्धविराम टाकायचा आहे तिथे, हवी. जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरने ओळ छापून खाली बाण काढण्याची सोय ४.८ या आवृत्तीत, २०१३ साली आणली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ती त्याआधीच होती.

बाण काढताना मराठी मजकुराच्या ओळी आवर्जून तपासाव्यात. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना ४ अक्षरांचा दिसतो, युनिकोड या लिपीचिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत त्याची ७ चिन्हे होतात आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत २१ बाइट. बाइट मोजून बाण सरकवला, तर तो चुकलेल्या जागेच्या बराच उजवीकडे जाऊन पडतो. संदेश जिथे दिसतो त्या टर्मिनलच्या खिडक्याही देवनागरीची रुंदी एकसारखी धरत नाहीत, त्यामुळे बाणाच्या जोडीला चुकलेला शब्द संदेशातच पुन्हा छापणे मला अधिक खात्रीचे वाटते.

मग शब्दरचना. समजा, चादरींचे बिल करणाऱ्या एका छोट्या भाषेचा कंपायलर आपण लिहीत आहोत. ‘प्रकार जुळत नाही’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहावे:

ओळ १४: एकूण = नग * दर
‘दर’ हा मजकूर आहे. गुणाकाराला संख्या लागते.
ओळ ९ वर ‘दर’ असा ठरला: दर = "३५०"
अवतरणचिन्हे काढून पाहा.

यातली तिसरी ओळ सर्वांत मोलाची, कारण चूक १४ व्या ओळीवर उघडी पडली तरी ती झाली ९ व्या ओळीवर. रस्ट या भाषेच्या कंपायलरने २०१६ साली संदेशांची मांडणी बदलली, तेव्हा अशा दुसऱ्या जागेलाही बाजूला टीप देण्याची सोय केली.

‘नग’च्या जागी ‘नगg’ असे काही टंकले गेले, तर जवळचे नाव सुचवावे. फरक मोठा असेल तर गप्प बसावे, कारण चुकीची सूचना वेळ खाते. एकदा चुकलेल्या चलावरून पुढे उद्भवणाऱ्या तक्रारीही दाबाव्यात.

शेवटी प्रत्येक संदेशासाठी मुद्दाम चुकवलेला एक छोटा प्रोग्राम चाचण्यांत ठेवावा आणि तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवून, काहीही न सांगता, त्याचा कर्सर आधी कोणत्या ओळीवर जातो ते पाहावे.