स्वतःची मजुरीही भावात धरा
घरून चकली-लाडू विकणाऱ्या बऱ्याच जणी भाव ठरवताना डाळ, तेल, गॅस, पिशवी एवढंच मोजतात. स्वतःचे तास सोडून देतात. समजा, किलोभर चकलीला २१० रुपयांचं सामान लागलं आणि दीड तास गेला. तासाला ८० रुपये धरले तरी खर्च ३३० झाला. मग ३०० ला विकून नफा कसला? महिनाभर हे वहीत उतरवा. धंद्याचं खातं वेगळं ठेवा. त्यातून घरखर्चाला उसने घेतले तरी लिहायचेच (इथेच सगळ्यांचा हिशेब गडबडतो). गावाकडे राहत असाल तर जिल्ह्यातल्या ‘आरसेटी’त, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. बँका चालवतात, प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाचीही सोय होते. वयाची अट मात्र आधी विचारून घ्या, आणि जाताना ती वही न्या.