गडावर आग्या माश्या उठल्या किंवा विंचू चावला तर काय करायचं

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गडावर आग्या माश्या, म्हणजे मोठ्या रानटी मधमाश्या, उठल्याची बातमी येतेच. ह्यांची पोळी कड्याच्या पोटात, लेण्याच्या छताला लटकलेली असतात आणि धूर, परफ्यूमचा वास किंवा कोणी मारलेला दगड एवढं त्यांना पुरतं.

माश्या उठल्या की हात झटकत नाचू नका, एक माशी चावली की तिच्या नांगीतून असा वास सुटतो की बाकीच्या तिथेच येतात. डोकं-तोंड जॅकेटने, ओढणीने झाकायचं आणि लांब पळायचं, पण खाली बघून, कारण घाबरून पळताना माणूस कड्यावरून जाऊ शकतो. जागा अरुंद असेल तर तोंड झाकून गप्प खाली बसलेलं बरं. टाक्यात उडी मारायची नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात.

सेफ जागी आलात की आधी काटे काढा. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो आणि ती पिशवी नंतरही विष ढकलत असते, म्हणून नखाने, एटीएम कार्डाच्या कडेने, जे हाताला लागेल त्याने लगेच काढा, चिमटा शोधत बसू नका. गांधीलमाशी काटा सोडत नाही, तिथे शोधूही नका. मग साबण-पाण्याने धुवा, गार पाण्याचा कपडा दहा-पंधरा मिनिटं ठेवा, अंगठी-बांगड्या सूज यायच्या आत काढा. चुना, माती, लोखंड घासणं ह्यात वेळ घालवू नका प्लीज.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढचा तासभर तरी त्या माणसाकडे लक्ष ठेवा. अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, चक्कर, उलट्या ह्यातलं काही दिसलं तर ती अ‍ॅलर्जी आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो, मग एकच माशी चावलेली असली तरी. औषध एकच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, सेट्रिझिनच्या गोळीवर विसंबू नका. 108 ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय वर ठेवा (धाप असेल तर बसू द्या), आणि गड त्याला चालत उतरवू नका, गावातून माणसं बोलवा, डोली करा. खूप माश्या चावल्या असतील तर बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठाच, किडनीवर परिणाम होऊ शकतो.

विंचवाचं वेगळं. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण खरा घातक तो कोकणातला छोटा लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ह्यावर प्राझोसिन गोळीचा उपचार रूढ केला आणि कितीतरी लोक वाचले. दुखत नाहीये म्हणून निर्धास्त राहू नका, दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण, त्यात लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिक तर नाहीच.

कोळी चावला तर बहुतेक वेळा धुणं आणि गार पट्टी पुरते. गोचीड मात्र चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. आणि ट्रेकनंतर आठ-दहा दिवसांनी ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा, तो स्क्रब टायफस (झाडीतले बारीक किडे चावून होणारा ताप) असू शकतो.