एक्सटर्नल ड्राइव्ह लावली पण दिसत नाहीये, किंवा दरवेळी अक्षर बदलतंय? हे करून बघा

हार्ड डिस्क लावली, लाइट पेटला, टुंग असा आवाज पण आला, आणि 'धिस पीसी' उघडलं तर तिथे काहीच नाही. अशा वेळी डिस्क गेली असं समजून घाबरायला होतं, पण बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते, फक्त विंडोजने तिला सी, डी, ई असं ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसतं. सगळ्यात आधी एक सांगतो, मध्येच 'फॉरमॅट करायचं का' किंवा 'इनिशियलाइझ' असं काही विचारलं तर हो म्हणू नका, आत तुमचे फोटो आहेत, नंतर कितीही हळहळून उपयोग नसतो.

विंडोजची की आणि एक्स एकत्र दाबा, मेनूतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात सगळ्या डिस्क पट्ट्यांसारख्या दिसतात, तुमची कुठली ते साइजवरून ओळखा. पट्टी निळी आहे, 'हेल्दी' लिहिलंय पण अक्षर नाहीये, मग काम दोन मिनिटांचं. त्या पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'अ‍ॅड', अक्षर निवडा, ओके. आधीच अक्षर असेल आणि ते बदलायचं असेल तर 'अ‍ॅड'च्या जागी 'चेंज' दाबायचं, एक वॉर्निंग येते की काही प्रोग्राम चालणार नाहीत वगैरे, बाहेरच्या डिस्कसाठी यस करून टाका. सी ड्राइव्हच्या वाटेला मात्र जाऊ नका, विंडोज त्याच्यावर बसलेलं असतं.

आता अक्षर कुठलं द्यायचं, आणि लोक नेमके इथेच चुकतात. विंडोज नवीन ड्राइव्हला साधारणपणे सी नंतरचं पहिलं मोकळं अक्षर देतं. म्हणजे आज पेनड्राइव्ह आधी लावला तर ई त्याला आणि हार्ड डिस्कला एफ, उद्या उलटं. शॉर्टकट तुटतात, फोटोचं सॉफ्टवेअर 'फाइल सापडत नाही' म्हणतं, आणि बॅकअप तर सगळ्यात वाईट. माझा रोजचा बॅकअप ई ड्राइव्हवर सेट होता, पेनड्राइव्ह मशीनला तसाच राहिला आणि बॅकअप त्याच्यावर जायला लागला, मला कळलं तेव्हा तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून प्रत्येक डिस्कला शेवटाकडचं अक्षर हाताने देतो, टी, व्ही, एक्स असं काहीतरी, तिथपर्यंत विंडोज आपणहून सहसा पोचत नाही. हे अक्षर विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंगच्या नोंदवहीत, त्या डिस्कच्या ओळखीसोबत लिहून ठेवतं, त्यामुळे काढून परत लावली तरी तेच मिळतं. पण दोन डिस्कना एकच अक्षर दिलंत तर नंतरची पहिलीची जागा घेते, म्हणून वेगवेगळी द्या. आणि ही आठवण त्या कॉम्प्युटरपुरतीच असते बरं का, दुसऱ्या मशीनवर परत सेट करावं लागतं.

ऑफिसच्या मशीनवर अजून एक भानगड होते. नेटवर्कचं फोल्डर एफ म्हणून मॅप केलेलं, म्हणजे ड्राइव्हसारखं जोडलेलं असतं आणि बाहेरच्या डिस्कलाही कधी कधी एफच मिळतं, मग डिस्क त्याच्यामागे झाकली जाते. उपाय तोच, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दुसरं अक्षर.

डिस्कवर 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर डाव्या बाजूच्या डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. क्लोन केलेली, म्हणजे हुबेहूब नक्कल असलेली डिस्क मूळ डिस्कसोबत लावली की असं होतं, कारण दोघींची सिग्नेचर, म्हणजे डिस्कवर लिहिलेला ओळख क्रमांक, एकच असते. ऑनलाइन करताना विंडोज एकीची सिग्नेचर बदलतं, त्यामुळे ज्या क्लोनवरून कॉम्प्युटर सुरू (बूट) करायचाय तिला असं करू नका, मूळ डिस्क काढून ठेवा. 'रॉ' (विंडोजला आतली रचना वाचता येत नाही) किंवा 'अनअ‍ॅलोकेटेड' (त्या जागेवर पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भागच दिसत नाही) असं दिसलं तर मात्र हा अक्षराचा प्रश्नच नाही. डिस्क मॅक किंवा लिनक्सवर वापरलेली असेल तर आधी तिथेच लावून बघा, नसेल तर काहीही न लिहिता डेटा रिकव्हरीचा मार्ग धरा.

आणि प्रत्येक नवीन डिस्क अक्षराशिवायच येत असेल तर ऑटोमाउंट, म्हणजे नवीन डिस्कला आपोआप अक्षर द्यायची सोय, बंद झालेली असणार. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट टाइप करून एंटर, मग ऑटोमाउंट इनेबल आणि एंटर, कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' नावाची पण कमांड आहे, ती एका फटक्यात पार्टिशन उडवते आणि खात्री करायला विचारत सुद्धा नाही, तेव्हा एवढं झालं की एक्झिट करून सरळ बाहेर या, मग डिस्क काढून परत लावा.