इंटरनेटशिवाय लॅबमधली घड्याळं जुळवताना
इथे वेळ अचूक असण्यापेक्षा सगळीकडे एकच असणं जास्त महत्त्वाचं. कायम चालू राहणाऱ्या एका लिनक्स संगणकावर क्रोनी (नेटवर्कवरून संगणकांची घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) टाका; हाच आपला सर्व्हर. कॉन्फिग फाइलमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ आणि ‘अलाउ १९२.१६८.१.०/२४’ (हा लॅबच्या नेटवर्कचा पत्ता) या ओळी इंग्रजी अक्षरांत लिहा. बहुतेकांची गाडी इथेच अडते: ‘लोकल’ नसेल, तर सर्व्हर ‘माझीच वेळ जुळलेली नाही’ असं कळवतो आणि बाकीचे त्याला मोजत नाहीत. फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३ उघडा.

इतर संगणकांवर ‘सर्व्हर १९२.१६८.१.१० आयबर्स्ट’ (हा त्या सर्व्हरचा पत्ता) आणि ‘मेकस्टेप १ ३’ लिहून क्रोनी रीस्टार्ट करा. ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही कमांड दिल्यावर पत्त्याआधी चांदणी (*) दिसली की जुळलं. सर्व्हर दोन नकोत. वेळा फाकल्या तर खरा कोण, हे ठरत नाही. बंद केल्यावर सर्व्हरची तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला.