नाताळच्या सुट्टीत बारा जणांना पुरेल असं स्लो कुकरमधलं हॉट चॉकलेट

डिसेंबरात इंदूरला पाहुणे आले की रात्री सराफ्याला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं ठरलेलंच, गराडू, जलेबा सगळं हाणून झालं की घरी येऊन परत काहीतरी गरम हवंच असतं, आणि तेव्हा गॅससमोर उभं राहून दूध ढवळायची कोणाचीच इच्छा नसते. म्हणून हे निघायच्या आधी स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर आपोआप शिजवणारं विजेचं भांडं) करून ठेवायचं.

दोन लिटर फुल क्रीम दूध घ्या, टोन्डनं पाणचट होतं. पिशवीचं असो की भैयाकडचं, आधी एकदा तापवून घ्या, म्हणजे कुकरलाही कमी वेळ लागतो. अर्धा कप कोको पावडर (बिनसाखरेची, ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा नाही), पाऊण कप साखर, २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, चिमूटभर मीठ, दालचिनीचा एक तुकडा. चॉकलेट घेताना मागचं लेबल वाचा बरं का, कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड, केकवर ओतायला ठीक आहे पण दुधात त्याची चव मेणचट लागते.

आता मेन गोष्ट. कोको थेट दुधात टाकला की तो वर तरंगतो, गुठळ्या होतात आणि मग कितीही ढवळा, कपात त्या येतातच. म्हणून भांड्यात कोको, साखर, मीठ कोरडंच कालवायचं, त्यात कपभर गरम दूध थोडं थोडं घालत चमच्यानं घोटायचं, चकचकीत दाट पेस्ट झाली पाहिजे, चमचा उचलला की रिबिनीसारखी पडली पाहिजे. मगच ती कुकरमध्ये बाकीच्या दुधात, वरून चॉकलेटचे बारीक तुकडे आणि दालचिनी. आपली ताकाची रवी फिरवा एकदा, व्हिस्क वगैरे आणायची काही गरज नाही. कॉर्नफ्लोअरही नको, इतकं चॉकलेट असल्यावर आपोआप दाट होतं.

झाकण लावून लो वर दोन तास. हाय वर नाही, कडेनं दूध लागतं आणि चॉकलेट दाणेदार होतं. अर्ध्या तासानं एकदा तळापासून हलवा, पण सारखं झाकण उघडून बघू नका, वाफ गेली की वेळ वाढत जातो. झालं की वॉर्म वर टाका आणि खुशाल सराफ्याला जा, तास दीड तास काही होत नाही. आल्यावर साय आली असेल तर पुन्हा रवी.

स्लो कुकर नाहीये? इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये स्लो कुक बटण असेल तर ते चालतं, नाहीतर जाड बुडाचं पातेलं तव्यावर ठेवून अगदी मंद गॅस, पण मग घरी थांबावं लागेल.

नागपुरी संत्र्याची साल (पांढरा भाग काढून) शेवटच्या अर्ध्या तासात टाकली तर वास फार सुंदर येतो, रस मात्र चुकूनही नाही, दूध फाटेल. गुळाचंही तेच, साखरच बरी. मोठ्यांच्या कपात जायफळ किसून घाला.

मार्शमॅलो हवेच असतील तर पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या, बरेचसे जिलेटिनचे असतात आणि आपल्याकडे कोणीतरी शाकाहारी असतंच. मला विचाराल तर नकोतच, बाजूला वाटीत रतलामी शेव ठेवा, इंदूरकर कशासोबतही शेव खातात आणि गोड घोटानंतर ती लवंगेची झणझणीत शेव भारी लागते.

उरलं तर रात्रभर बाहेर ठेवू नका, गार झालं की लगेच फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी मंद गॅसवर थोडं दूध घालून गरम करा, किंवा मुलांना तसंच थंडगार द्या.