क्वांटममधलं मोमेंटमचं (संवेगाचं) गणित आलं की आधी धुरा (वावराचा बांध) कुठं आहे ते पाहा

परवा जिनिंगवर कापसाची गाडी खाली व्हायची वाट पाहत होतो, पुतण्या बीएस्सीला आहे, त्यानं वही काढली अन् म्हणे काका डब्यातल्या, म्हणजे दोन भिंतींत कोंडलेल्या, कणाचा मोमेंटम काढून द्या. दोन प्रश्न एकच समजायची त्याची चूक सगळेच पोट्टे करतात म्हणून लिहितोय. ‘ही मोमेंटम स्टेट आहे का’ अन् ‘मोमेंटम टिकतो का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिला स्टेटला (कणाच्या अवस्थेला) विचारायचा, दुसरा हॅमिल्टोनियनला (एकूण एनर्जीच्या ऑपरेटरला).

पहिल्यासाठी सायवर (स्टेटच्या वेव्ह फंक्शनवर) मोमेंटमचा ऑपरेटर चालवायचा, म्हणजे एक्सनं डेरिव्हेटिव्ह घेऊन उणे आय एच-बारनं (एच-बार म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय) गुणायचं. तेच फंक्शन एखाद्या आकड्यानं गुणून परत आलं तर मोमेंटम स्टेट, अन् तो आकडाच मोमेंटम. ई चा घात आय के एक्स ठेवा (के म्हणजे दोन पाय भागिले लाटेची लांबी), एच-बार के मिळतो, डी ब्रॉयनं १९२४ च्या थिसिसमध्ये मांडलेलं लाटेची लांबी अन् मोमेंटमचं नातं हेच. आता साइन के एक्स ठेवा, कोसाइन येतो, झालं, फेल! पण ऑपरेटर दोनदा चालवला की साइन परत येतो, अन् डब्यातली एनर्जी मोमेंटमच्या वर्गावरच असते, म्हणून डब्यात एनर्जी पक्की असते अन् मोमेंटम नसतो. साइन म्हणजे उजवीकडं अन् डावीकडं जाणाऱ्या दोन लाटांची बेरीज, मोमेंटमची सरासरी शून्य. (डबा मर्यादित असल्यानं मोजलं तर नेमके दोनच आकडे येत नाहीत, पसारा असतो, पण ते पुढच्या वर्षी.)

दुसऱ्या प्रश्नाला साय पाहायचंच नाही. एच (हॅमिल्टोनियन) अन् पी (मोमेंटम) चा कम्युटेटर, म्हणजे एचपी उणे पीएच, काढा, कायनेटिक भाग आपोआप शून्य होतो अन् उरतो फक्त पोटेन्शियलचा (जागेवर ठरणाऱ्या एनर्जीचा) उतार. म्हणजे वावर सपाट आहे का तेवढं पाहायचं. अंधारात चार पावलं सरकलात अन् काहीच फरक कळला नाही तर मोमेंटम टिकतो, नोएथरबाईंचं १९१८ चं प्रमेय याच मुळाचं. मध्ये पूर्व-पश्चिम लांब धुरा असला तर उत्तर-दक्षिण मोमेंटम टिकत नाही, पण धुऱ्याच्या लांबीचा टिकतो, अन् हे काहून कोणी लिहीत नाही पेपरात मले समजत नाही, फुकटचे मार्क आहेत! दोन कण एकमेकांना ओढत असले अन् पोटेन्शियल फक्त त्यांच्यातल्या अंतरावर असलं तर एकेकट्याचा टिकत नाही, बेरीज टिकते.

दोन्ही प्रश्न वेगळे आहेत हे पटत नसेल तर मोकळा (बल नसलेला) वेव्ह पॅकेट, म्हणजे लाटांचा पुंजका, घ्या, तो मोमेंटम स्टेट नाही, जागेत पसरत जातो, तरी त्याच्या मोमेंटमच्या प्रोबॅबिलिटी कधीच बदलत नाहीत. उलट सगळीकडं सारखं बल लावलं तर प्लेन वेव्ह (वरचीच ई चा घात आय के एक्स) ही प्लेन वेव्हच राहते पण के सरकत राहतो, मोमेंटम स्टेट आहे अन् मोमेंटम टिकत नाही.

कपाशीची तासं (ओळी) असली, म्हणजे सारख्या अंतरानं येणारं पोटेन्शियल, तर वावर एका तासाएवढंच सरकवता येतं, म्हणून मोमेंटम प्लँकचा स्थिरांक भागिले अंतर याच्या पटीतच बदलू शकतो. डेव्हिसन-जर्मरनं १९२७ मध्ये निकेलवर ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन मारले, ५० अंशावर शिखर आलं. करून पाहा, इलेक्ट्रॉनच्या लाटेची लांबी १.६७ अँगस्ट्रॉम येते, निकेलच्या अणूंच्या ओळींमधलं अंतर २.१५, त्याला साइन ५० नं गुणा, १.६५ येतं. पृष्ठभागाच्या दिशेचा तेवढा एकच धक्का, तो निकेलच्या तुकड्यानं घेतला.