४१० चा चोक आणि ४५ ची गोळी: काँटेंडरवाल्यांनो, या चुका टाळा

इकडे टेक्सासमध्ये आपली मराठी पोरं आता नेमबाजीच्या रेंजवर बऱ्यापैकी दिसायला लागलीत, मला आनंदच आहे, पण ज्याच्या हातात थॉम्पसन सेंटर काँटेंडरची ४५ कोल्ट/४१० वाली नळी येते तो पहिल्या महिनाभरात त्याच त्या चुका करतो आणि मग मला फोन करतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काँटेंडर हे १९६७ साली आलेलं सिंगल शॉट पिस्तूल, डिझाइन वॉरन सेंटर यांचं. ट्रिगर गार्ड मागे खेचला की नळी खाली झुकते, एक काडतूस घालायचं, बंद करायचं, घोडा चढवायचा, एक बार. नळ्या बदलता येतात हे त्याचं मोठेपण. या नळीत ४५ कोल्टची गोळीही चालते आणि ४१० शॉटगनचं छऱ्यांचं काडतूसही चालतं, आणि छऱ्यांसाठी नळीच्या तोंडाशी आट्यांवर एक छोटा चोक, म्हणजे भोक आवळणारी नळकांडी, बसतो जो किल्लीने काढता घालता येतो.

आता पहिली चूक, आणि यावर मी कितीही बोललो तरी कमीच. चोक बसवलेला असताना गोळी मारणे. गोळी मारायच्या आधी चोक काढायचा म्हणजे काढायचा. चोकच्या आतल्या बाजूला सरळ उभ्या धारा असतात, भोक त्याने आणखी अरुंद होतं, छरे आणि प्लॅस्टिकचा कप त्यातून दबून निघून जातात पण ०.४५२ इंचाची शिशाची गोळी कुठे जाणार?

दोन वर्षांपूर्वी सॅन अँटोनियोच्या बाहेर एका मित्राच्या रानात आम्ही चौघं गेलो होतो. एक नवीन मुलगा होता, हुशार, पण हात फार घाईचा. सकाळभर हाताने फेकलेल्या क्ले, म्हणजे मातीच्या चकत्या, मारल्या, ४१० संपत आली, मी पाणी प्यायला गाडीकडे गेलो, तेवढ्यात याने बाजूच्या डब्यातून ४५ कोल्टचं काडतूस उचललं, घातलं आणि समोरच्या कागदावर मारलं. आवाजच वेगळा आला, मी तिथूनच ओरडलो की खाली ठेव. तो म्हणतो, "दादा, धक्का जरा जास्तच बसला ओ, आणि कागदाला भोकच नाही." कागदाला भोक कसं असेल? चोक वीसेक पावलांवर गवतात सापडला, तोंड अंडाकृती झालेलं, आतली एक धार खरवडून निघालेली. नळीच्या तोंडातले आटे साफ गेलेले, आणि बाहेरून नख फिरवलं तर कडेच्या अलीकडे बारीक उंचवटा लागत होता, म्हणजे पोलाद फुगलं होतं. कुणाला लागलं नाही, पण त्या उंचवट्यावरून नख फिरवताना माझ्या पोटात गोळा आला होता. गनस्मिथ म्हणाला पुढचा भाग कापून तोंड नव्याने करून देतो, पण मग चोक कधीच बसणार नाही.

त्या मुलाला चोक माहीत नव्हता असं अजिबात नाही, सकाळी त्यानेच स्वतःच्या हाताने बसवला होता. विसरला. माणूस विसरणारच, म्हणून "मी लक्षात ठेवीन" यावर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हापासून माझी सवय अशी: चोकची किल्ली ४५ कोल्टच्या डब्याच्या झाकणाला सुतळीने बांधलेली असते, आणि डब्यात चोकच्या मापाचा एक खळगा फोममध्ये कापलेला आहे. डबा उघडला की आधी किल्ली हाताला लागते आणि रिकामा खळगा दिसतो. खळग्यात चोक नसेल तर तो नळीत आहे, म्हणजे डबा बंद. आणि ४१० आणि ४५ ची काडतुसं टेबलावर एकाच वेळी उघडी कधीच ठेवत नाही. लोकांना हे पाल्हाळ वाटतं, वाटू दे.

हेच ४१० च्या स्लगलाही लागू. स्लग म्हणजे एकसंध गोळीच, काडतूस शॉटगनचं दिसतं म्हणून फसू नका.

दुसरी चूक उलटी: चोक काढून छरे मारणे, वर पुन्हा "चोक फक्त लांबच्या निशाण्याला लागतो ना?" असं विचारणे. आपल्याकडे गावी काकाची बाराबोर बघितलेली असते, खडकीची शक्तिमान काडतुसं, एक नळी हाफ चोक एक फुल, त्यामुळे चोक म्हणजे छरे आवळून धरणारी चीज एवढंच डोक्यात बसलेलं असतं. बाराबोरची नळी आतून गुळगुळीत असते हो. या पिस्तुलाच्या नळीत गोळीला फिरवण्यासाठी रायफलिंग, म्हणजे पीळदार खाचा, आहेत, त्यामुळे छऱ्यांचा कपसुद्धा गरगर फिरत बाहेर येतो. ओली छत्री दांड्यावर गर्रकन फिरवली की पाणी कसं कडेने उडतं, तसे छरे बाहेर फेकले जातात आणि मध्ये मोकळं भगदाड. चोकमधल्या त्या उभ्या सरळ धारा आहेत ना, त्या कपाचं हे फिरणं थांबवायला आहेत. आवळणं हे त्यांचं नंतरचं काम.

खोटं वाटत असेल तर मोठा ब्राउन पेपर लावा आणि १० यार्डांवरून एक बार चोकशिवाय, एक चोकसकट मारा. अडीच इंची ४१० मध्ये अर्धा औंस छरे असतात, साडेसात नंबरचे असतील तर साधारण १७५ दाणे. माझ्या नळीत चोकशिवाय कागदावर मेदूवडा उमटतो, मधल्या वीतभर जागेत मोजून पाच-सात दाणे. एवढ्या मोकळ्या जागेतून ससा सुखरूप निघून जाईल किंवा नुसता जखमी होऊन झुडपात मरेल, आणि हे दुसरं मला सहन होत नाही. कागद न बघता शिकारीला निघालेल्या माणसाला मी नळी उसनी देत नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

चोकला हात लावायच्या आधी पिस्तूल उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्याने बघा. तोंडाशी बोटं नेताय तुम्ही.

चोक पाना लावून करकचून आवळू नका. आधी बोटांनी पूर्ण बसवायचा, मग किल्लीने हलका ताण. पण दर चार-पाच बारांनंतर बोट लावून बघा, सैल होतो. उलट जो सहा महिने काढलाच नाही तो प्लॅस्टिक, शिसं आणि काजळीने जाम होतो, मग लोक व्हाइसमध्ये धरून पक्कड लावतात आणि तो चेपतात. मी रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये तोंड बुडवून ठेवतो, सकाळी किल्लीने निघतो, नाही निघाला तर आणखी एक रात्र. घाई कसली आहे? परत बसवताना आट्यांवर अँटीसीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, अगदी पुसट हात, आणि चोक काढून गोळ्या मारल्या असतील तर आधी आटे टूथब्रशने साफ, कारण शिसं तिथेच साचतं.

दुसऱ्याचा चोक "बसतोय का बघू" म्हणून फिरवू नका. बाहेरून बसणारे जुने वेगळे, आतून बसणारे वेगळे, आणि ४४ मॅग्नमच्या हॉट शॉट काडतुसांसाठीचा तर आणखी वेगळा. जपून वापरा, कारण स्मिथ अँड वेसन या बंदुकवाल्या कंपनीने २००७ मध्ये घेतलेली थॉम्पसन सेंटर २०२१ मध्ये विकायला काढली, आणि मला त्या मुलासाठी जुना चोक शोधायला आठ महिने लागले.

गोळी नीट लागत नाही म्हणून चोकला दोष देऊ नका. चेंबर ३ इंची ४१० साठी कोरलेली आहे, ४५ कोल्टची केस जेमतेम सव्वा इंच, तेव्हा गोळी रायफलिंगला भिडायच्या आधी बरंच अंतर मोकळीच जाते. त्या लांब चेंबरमुळेच ४५४ कसूल हे कितीतरी जास्त ताकदीचं काडतूसही आत शिरतं. शिरतं म्हणून मारू नका, त्या दाबासाठी ही फ्रेम नाही, हात जाईल.

आणि छरे नीट पडावेत म्हणून रायफलिंग घासून नळी गुळगुळीत करून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा. गुळगुळीत नळीचं असं पिस्तूल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येतं, आधी परवानगी न घेता केलंत तर फेडरल गुन्हा आहे, ग्रीन कार्डची वाट बघणाऱ्यांनी तर विचारसुद्धा करू नये. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी ही नळी रायफलिंगसकटही घेऊ नये, तिथे १८ इंचांपेक्षा आखूड नळीतून शॉटगनची काडतुसं मारणारं हत्यार शॉर्ट बॅरल शॉटगनमध्येच धरतात.

तो मुलगा अजून येतो आमच्याबरोबर. गेल्या खेपेला नवीन नळी घेऊन आला, डब्याच्या झाकणाला लाल सुतळीने किल्ली बांधलेली होती, आणि गोळी घालायच्या आधी त्याने चोक माझ्या तळहातावर आणून ठेवला.